दान नव्हे, देणे

शास्त्रवाचन : १ शमुवेल ३०:११-२५, मत्तय ८:५-१३



सिकलागची गोष्ट आपण बहुधा दाविदाच्या विजयाची गोष्ट म्हणून वाचतो. अमालेक्यांनी गाव लुटले, जाळले, बायकामुले धरून नेली. दाविदाने पाठलाग केला आणि सर्व काही परत आणले. शब्बाथ शाळेतील मुलेही ही गोष्ट न अडखळता सांगतात. परंतु या विजयाच्या वाटेवर एका शेतात एक माणूस पडला होता, त्याच्याकडे आपले लक्ष फारसे जात नाही. तो मिसरी तरुण होता, एका अमालेक्याचा चाकर. तीन दिवस व तीन रात्री त्याच्या पोटात अन्न नव्हते, पाणीही नव्हते. दाविदाच्या माणसांनी त्याला भाकर दिली, पाणी पाजले, अंजिराच्या ढेपेचा तुकडा व मनुकांचे दोन घड दिले, तेव्हा त्याच्या जिवात जीव आला. तू कोणाचा, असे दाविदाने विचारले. त्याने सांगितले की तो एका अमालेक्याचा चाकर असून तीन दिवसांमागे आजारी पडल्यामुळे धन्याने त्याला मागे टाकले होते.

अमालेक्यांजवळ वाहन नव्हते काय? याच अध्यायात पुढे लिहिले आहे की चारशे तरुण उंटांवर बसून पळून गेले. लूट तर एवढी होती की सगळी टोळी रानभर पसरून खात, पीत व नाचत होती. उंट होते, अन्न होते, पैसा होता. केवळ आजारी चाकरासाठी जागा नव्हती. जोवर त्याचे हात चालत होते तोवर तो धन्याचा होता. हात थांबले तेव्हा तो कोणाचाच राहिला नाही.

ही गोष्ट वाळवंटातील आहे, आपला तिच्याशी काय संबंध, असे म्हणून आपल्याला पुढे जाता येत नाही. बेळगावच्या तिसऱ्या रेल्वे फाटकापासून खानापूर रस्त्याने निघाले की उद्यमबाग लागते. तेथे फौंड्र्या आहेत, मशीन शॉप आहेत, प्रेस आहेत. बेळगावात ओतलेले व घडवलेले लोखंडी भाग देशभर जातात, परदेशातही जातात. मजगाव, पिरनवाडी, मच्छे, येळ्ळूर येथून व खानापूर तालुक्यातील गावांतून माणसे सकाळी डबा घेऊन या कामावर येतात. आपल्या मंडळ्यांतीलही कित्येक घरांची चूल या कामावर पेटते. कोणी कामगार आहे, कोणी सुपरवायझर आहे, आणि देवाच्या दयेने कोणी लहानसा कारखानदारही झाला आहे.

या कामात धोका आहे, हे त्या रस्त्यावरचा प्रत्येक माणूस जाणतो. वितळलेल्या लोखंडाला ओल लागली की ते उसळते. ग्राइंडिंगचे चाक फुटते. पॉवर प्रेसखाली हात क्षणभर जास्त राहिला तर बोटे परत येत नाहीत. काही इजा तर आवाज न करता होतात. फौंड्रीच्या वाळूची बारीक धूळ वर्षानुवर्षे छातीत बसते आणि सिलिकोसिस होतो. निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत काम करणाऱ्या बहिणींना खोकला कधी लागला याची तारीख सांगता येत नाही. कारण तो अपघाताच्या दिवशी आला नाही, तो रोजच्या रोजीबरोबर आला.

तेव्हा आजचा प्रश्न हा आहे : काम करताना माणूस जखमी झाला, तर तो कोणाचा?

१. चाकर शेतात की घरात?

पवित्र शास्त्रात दुसरा एक धनी आपल्याला भेटतो. तो कफर्णहूमचा शताधिपती होय. त्याचाही चाकर पडून होता. परंतु मत्तयाचा वृत्तांत सावकाश वाचा. तो चाकर शेतात नव्हे, धन्याच्या घरात पडला होता. त्याला किती वेदना होतात हे धन्याला ठाऊक होते, म्हणजे त्याने जवळ जाऊन पाहिले होते. आणि रोमी सैन्यातला हा अधिकारी जिंकलेल्या लोकांमधील एका गुरूपुढे चाकरासाठी विनवणी करीत उभा राहिला. शताधिपतीच्या विश्वासावर आपण पुष्कळ प्रवचने ऐकली आहेत. प्रभूला त्या विश्वासाचे आश्चर्य वाटले हे खरेच. परंतु तो विश्वास कोणत्या कामासाठी घराबाहेर पडला होता? एका आजारी चाकराच्या कामासाठी.

आणखी एक गोष्ट पाहा. चाकराला पक्षाघात झाला यात शताधिपतीचा काही अपराध होता असे शास्त्र सांगत नाही. तरी दोष कोणाचा याची चर्चा तो करीत बसला नाही. माणूस माझा आहे, एवढे त्याला पुरे होते.

आमच्या भागातील मालक निर्दय आहेत, असे मी म्हणत नाही. अपघाताच्या दिवशी स्वतःच्या गाडीत घालून जखमीला दवाखान्यात नेणारे, रात्रभर तेथे बसणारे, पहिले बिल भरणारे मालक पुष्कळ आहेत. देव त्यांना आशीर्वाद देवो. प्रश्न पहिल्या दिवशी उठत नाही. तो दुसऱ्या महिन्यात उठतो. पट्टी निघते, पण बोटे नसतात. जागेवर दुसरा माणूस लागलेला असतो. मग हळूहळू शब्द बदलतात. तो आमच्या पटावर नव्हता, तो ठेकेदाराचा माणूस होता. त्याला तेथे हात घालायला कोणी सांगितले होते? आम्ही माणुसकीने पुष्कळ केले. बंधूंनो, अमालेकी धनी तरी तीन दिवसांपूर्वीच निघून गेला होता. हा धनी त्याच रस्त्याने रोज जातो.

ठेकेदाराच्या नावाआड लपण्याचा मार्ग तर कायद्यानेही फार पूर्वी बंद केला आहे. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्यातच असे ठरले होते की, मालकाने आपल्या धंद्याचे काम ठेकेदाराकडून करून घेतले आणि त्यात ठेकेदाराचा कामगार जखमी झाला, तर भरपाई मुख्य मालकाकडून मागता येते. मालकाने ती नंतर ठेकेदाराकडून वसूल करावी. जे न्यायालयाला कळले ते ख्रिस्ती अंतःकरणाला कळू नये काय?

२. कठडा आधी बांधायचा असतो

अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात, आठव्या ओवीत, घर बांधणाऱ्याला एक साधी आज्ञा आहे. नवे घर बांधशील तेव्हा धाब्याला कठडा कर. नाहीतर कोणी पडला तर त्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल, असा तिचा आशय आहे. या आज्ञेची वेळ लक्षात घ्या. ती कोणी पडल्यानंतरची नाही. अजून धाब्यावर कोणी चढलेलेही नाही, तेव्हाच देव कठड्याविषयी बोलतो.

निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात मारक्या बैलाचा नियम आहे. बैलाने प्रथमच माणसाला मारले तर धनी निर्दोष ठरतो. परंतु बैल पूर्वीपासून मारका होता, धन्याला तसे बजावले होते, तरी त्याने त्याला बांधून ठेवले नाही, तर धनी दोषी. म्हणजे देवाच्या न्यायात 'मला ठाऊक होते' या तीन शब्दांना मोठे वजन आहे. पाय न देता हा प्रेस मागच्या महिन्यात दोनदा खाली आला होता, हे ठाऊक होते. गार्ड काढल्याशिवाय ठरलेला माल निघत नाही म्हणून तो काढून ठेवला आहे, हेही ठाऊक होते. क्रेनची साखळी झिजली होती, हे तर सर्वांनाच ठाऊक होते. अशा ठिकाणी अपघात हा केवळ अपघात राहत नाही. तो मारका बैल होता आणि तो मोकळा होता.

६ ऑगस्ट २०२४ रोजी बेळगाव तालुक्यातील नावगे येथे चिकटपट्टीच्या एका कारखान्याला आग लागली आणि लिफ्टमध्ये अडकलेला एक तरुण कामगार मरण पावला. त्या घटनेचा निवाडा करणे हे आपले काम नाही. परंतु त्या रात्री या भागातील प्रत्येक कारखानदाराने आपापल्या शेडमध्ये जाऊन दारे, जिने व तारा तपासल्या असत्या, तर त्या मरणाचा काही तरी आदर झाला असता.

येथे लहान कारखानदार बंधूंचे म्हणणेही ऐकले पाहिजे. ते म्हणतात, आम्ही पाच-दहा माणसांवर जॉबवर्क करतो. मोठ्या कंपनीचे पैसे महिनोन्‌महिने येत नाहीत. दर तर दर वर्षी खाली ओढतात. एका अपघाताची भरपाई दिली तर शेडला कुलूप लागेल. हे दुःख खरे आहे, आणि मालाचा दर पाडणाऱ्या मोठ्या खरेदीदारांनाही देव एक दिवस विचारील. परंतु हेच कारण कठडा आधी बांधण्याचे आहे. आपल्या देशात कर्मचारी राज्य विमा योजना १९५२ साली सुरू झाली. १ जुलै २०१९ पासून तिच्यात शंभर रुपये मजुरीमागे मालकाने सव्वातीन रुपये व कामगाराने पाऊण रुपया भरायचा असतो. एवढ्यावर जखमीचे उपचार, रजेच्या दिवसांचे पैसे, कायमचे अपंगत्व आल्यास निर्वाहवेतन आणि मृत्यू झाल्यास कुटुंबाचे निर्वाहवेतन यांचा भार मंडळ उचलते. जेथे ही योजना लागू नाही तेथे विमा कंपनीकडून कामगारांचा विमा उतरवता येतो. जो सव्वातीन रुपये वाचवण्यासाठी माणसाचे नाव पटावर घेत नाही, तो धंदा वाचवीत नाही. तो कठड्याच्या विटा विकत आहे.

३. मागे राहिलेल्यांचा वाटा

आता दाविदाकडे परत येऊ. सिकलागहून सहाशे माणसे निघाली होती. बसोर ओहोळापाशी दोनशे जण इतके थकले की त्यांना पुढे जाता येईना. ते सामानापाशी राहिले. विजय मिळाल्यावर लढून आलेल्यांपैकी काही दुष्ट लोक म्हणू लागले की, हे आमच्याबरोबर आले नाहीत. यांची बायकापोरे यांना द्या आणि यांना वाटेला लावा, लुटीतले काही देऊ नका. दाविदाने ते मानले नाही. जे मिळाले ते परमेश्वराने दिले आहे, तेव्हा लढाईत उतरलेल्याचा जेवढा वाटा तेवढाच सामानापाशी राहिलेल्याचा, असा निवाडा त्याने केला. आणि तेवढ्यावर तो थांबला नाही. तो त्याने इस्राएलात कायमचा नियम करून ठेवला.

एकाच अध्यायात हे दोन धनी आहेत. एकाने थकलेल्याला टाकले. दुसऱ्याने थकलेल्याला वाटा दिला. दाविदाने दोनशे जणांवर दया केली, असे शास्त्र म्हणत नाही. दया करणाऱ्याच्या मनावर असते. आज करील, उद्या करणार नाही. दाविदाने नियम केला, म्हणजे पुढच्या थकलेल्या माणसाला कोणापुढे हात पसरावा लागू नये.

आपल्या मराठी मुलखातही हे सत्य एका माणसाने ओळखले होते. नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीराव फुले यांचे सहकारी, सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते आणि 'दीनबंधू' पत्राचे संपादक. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी मुंबईत परळ येथे गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. त्यात पाच मागण्या होत्या. आठवड्यातून रविवारी सुट्टी मिळावी, ही त्यांतली एक. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी ती मान्य केली. लोखंडे यांनी रविवार मागितला तो काही आपल्या उपासनेसाठी नव्हे. पण आज आपले कामगार बंधू ज्या दिवशी निवांतपणे प्रभूच्या मंदिरात बसतात, त्या दिवसामागे त्या सह्या आणि निरक्षरांचे अंगठे आहेत.

रविवारची गोष्ट पुष्कळांना ठाऊक आहे. परंतु त्याच निवेदनात आणखी एक मागणी होती, तिची आठवण फार थोड्यांना आहे. गिरणीत काम करताना कामगाराला मोठी इजा झाली तर तो बरा होईपर्यंत त्याला पूर्ण पगार मिळावा, आणि तो जन्माचा अधू झाला तर त्याच्या निर्वाहाची योग्य तजवीज व्हावी, ही ती मागणी. त्याच १८८४ साली जर्मनीत कामगारांच्या अपघात विम्याचा कायदा झाला. आपल्याकडे मात्र कामगार भरपाईचा कायदा १९२३ साली झाला आणि १ जुलै १९२४ पासून अमलात आला. रविवार सहा वर्षांत मिळाला; जखमेचे देणे मान्य व्हायला चाळीस वर्षे लागली.

त्या कायद्याचे मर्म शताधिपतीच्या वागण्यासारखेच आहे. मालकाचा अपराध सिद्ध करण्याची जबाबदारी त्याने जखमी कामगारावर टाकली नाही. इजा कामामुळे व काम चालू असताना झाली, एवढे पुरे. भरपाईचा हक्क सोडून देण्याचा करार कामगाराकडून लिहून घेतला तरी तो रद्दबातल ठरविला, कारण उपाशी माणूस कशावरही सही करील हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होते. आणि शरीराच्या कोणत्या हानीने कमाईची शक्ती किती घटते याचे एक परिशिष्ट जोडले : अंगठा गेला तर ३० टक्के, तर्जनी पूर्ण गेली तर १४ टक्के, दुसरा डोळा चांगला असून एक गेला तर ४० टक्के. हे आकडे वाचताना अंगावर काटा येतो. देवाने निर्माण केलेल्या बोटाचे मोल टक्क्यांत होत नाही. निर्गमाच्या नियमात धन्याने दासाचा डोळा फोडला तर त्या डोळ्याबद्दल दासाला मुक्त करावे लागे, दात पाडला तरी मुक्त करावे लागे. तरीसुद्धा हे परिशिष्ट आपण तुच्छ मानू नये. ज्याला काहीच मिळत नव्हते त्याला आकडा मिळाला, आणि आकडा असला म्हणजे तो मागता येतो.

२००९ च्या दुरुस्तीने या कायद्याचे नाव कर्मचारी भरपाई कायदा असे झाले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. कामावर जाताना किंवा कामावरून घरी येताना झालेला अपघातही, त्याचा कामाशी संबंध दिसत असेल तर, आता त्यात धरला जातो. नावे बदलली, कलमे बदलली. देणे मात्र राहिले आहे.

४. आता आपण काय करावे?

कारखानदार बंधूंनो, कलस्सैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायाच्या आरंभी पौल धन्यांना आठवण देतो की त्यांनाही स्वर्गात एक धनी आहे. जखमी माणसाला जे देता ते त्याच्या नावे लिहून द्या, मोजून द्या, वेळेवर द्या. त्याला तुमच्या दारात उभे करून हप्त्याहप्त्याने उपकार म्हणून देऊ नका. आणि होईल तर त्याला झेपेल असे काम द्या. ज्याची तीन बोटे गेली त्याला अजून डोळे आहेत, अनुभव आहे, मुलांना शाळेत घालण्याची इच्छा आहे.

सुपरवायझर व कारकून बंधूंनो, तुमच्यापुढे नववी आज्ञा आहे. घरी पायरीवरून पडला, असे दवाखान्याच्या कागदावर लिहायला लावणारे एक वाक्य माणसाचे सारे आयुष्य खाऊन टाकते. अपघाताची नोंद खरी करा, वेळेवर करा, साक्षीला उभे राहा. नोकरी जाण्याची भीती खरी आहे, हे मी जाणतो. म्हणूनच एकट्याने नव्हे, दोघा-चौघांनी मिळून खरे बोला.

कामगार बंधुभगिनींनो, चष्मा व हातमोजे तुमच्या लेकरांसाठी घाला. लवकर उरकावे म्हणून गार्ड काढू नका. दारू पिऊन यंत्रापाशी उभे राहणारा आपल्या शेजाऱ्याचाही जीव धोक्यात घालतो. आपले नाव ई. एस. आय. मध्ये आहे की नाही हे आजच पाहा, इजा झाल्यावर नव्हे.

आणि मंडळी म्हणून आपण? मिरजेला डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उभारले, तेव्हापासून या मुलखातील ख्रिस्ती लोकांना जखमा बांधणे माहीत आहे. परंतु चांगल्या शोमरोन्याने जखम बांधली आणि तेथेच विषय संपविला असे नाही. त्याने उतारशाळेचे पैसे भरले, आणि अधिक खर्च झाला तर परत येताना तोही देण्याचे कबूल केले. जखमी कामगाराच्या घरी प्रार्थनेला जाऊ तेव्हा त्याचे कागदही पाहावेत. अर्ज लिहून देणारा, कामगार कचेरीची वाट दाखवणारा, मुदत चुकू न देणारा एक माणूस प्रत्येक मंडळीत असावा. हीसुद्धा सेवा आहे.

शेवटची गोष्ट अर्पणाची. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभू सांगतो की, वेदीपाशी दान आणले असता भावाचे आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर दान तेथेच ठेवून आधी जाऊन समेट करावा. मंदिराला पंखे दिले, बाके दिली, भिंतीवर नावाची पाटी लागली. आणि मागच्या बाकावर एक भाऊ बसला आहे, त्याचा उजवा हात खिशात आहे. त्याचे देणे दिलेले नाही. अशा वेळी प्रभूची आज्ञा स्पष्ट आहे. पाकीट वेदीपाशी राहू द्यावे आणि आधी मागच्या बाकाकडे जावे. ज्याचे देणे बाकी आहे त्याच्या पैशातून देवाला दान करता येत नाही.

प्रार्थना करू या.

हे स्वर्गीय पित्या, तुझ्या पुत्राने सुताराच्या घरात आपल्या हातांनी काम केले आणि त्याच हातांना खिळ्यांच्या जखमा झाल्या. काम करताना जखमी झालेल्या तुझ्या प्रत्येक लेकराजवळ राहा. जे धनी आहेत त्यांना शताधिपतीचे अंतःकरण दे. जे साक्षी आहेत त्यांची जीभ खरी ठेव. जे मागे राहिले आहेत त्यांचा वाटा त्यांना मिळेपर्यंत आम्हांला स्वस्थ बसू देऊ नको. येशूच्या नावाने मागतो. आमेन.